राजियांनी वेस राखावयास लॅपटॉप घेतला, ते वर्तमान

श्री कुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून, ऐकिले व पाहिले तितकेच लिहितो, पदरचे घालीत नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिक मासी, राजश्री हैबतराव राजे यांचे राज्यात सर्व आबादानी होती, पाऊसपाणी यथास्थित, रयत सुखी, परंतु खासा राजियांचे चित्तास स्वस्थता नव्हती. कारण ऐसे जे, राणीसाहेब कैलासवासी जाहलियावर एकुलती कन्या दर्याबाई यांणी परमुलखी चाकरीस जावयाचे मनात आणिले, आणि राजे संतापले, आणि भर सदरेत बोलून गेले की, “जायचे तर जा, आम्हांस तुमच्या बुद्धीची गरज नाही.” मग दर्याबाई मुजरा करोन निघाल्या, त्या फिरोन आल्या नाहीत. सणावारी फोन होत असे, परंतु दोन वाक्ये जाहली की तिसऱ्यास भांडण उभे राही, आणि उभयता फोन ठेवीत, आणि राजे त्या दिवशी जेवत नसत.

राजियांच्या वडील भगिनी आक्कासाहेब यांणी हे बहुत दिवस पाहिले. मग एके सकाळी त्या राजियांपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “हैबत, तुझी लेक दर रविवारी संगणकावर एक खेळ खेळते. देशोदेशीची माणसे मिळून त्यात किल्ला बांधतात आणि राखतात, आणि कानाला यंत्र लावून एकमेकांशी बोलतात. तू तिथे जा.” राजे म्हणाले, “आक्का, या वयात आम्ही खेळ खेळावा?” आक्कासाहेब म्हणाल्या, “तुम्ही दोघे समोरासमोर आलात की तलवारी उपसता. तिथे दोघांना एकाच बाजूस उभे राहावे लागेल. मी तिला विचारले आहे.” राजियांनी खाली पाहून विचारिले, “काय म्हणाली?” “म्हणाली, येतील तर येऊ देत, वेशीवर माणूस कमीच आहे.”

इतके ऐकोन राजे उठले आणि दिवाण विसाजीपंत यांस बोलावून हुकूम केला की, आमचा जुना लॅपटॉप हा खेळ उघडीतही नाही, सबब नवा पाहावा. मग बाजारातील थोर सौदागर हुजूर आला आणि त्याने गालिच्यावर लॅपटॉप मांडिले. विसाजीपंतांनी अर्ज केला की, “महाराज, दर्याबाईसाहेबांस एक वेळ विचारावे, त्यांचा या कामी हात चालतो.” राजे म्हणाले, “वस्तू घ्यावयाची आणि लेकीस विचारावयाचे? आम्ही इतके दिवस राज्य कसे केले?” मग राजियांची नजर एका लॅपटॉपावर पडली. तो पानासारखा पातळ, अंग रुपेरी, पडदा ऐसा की चित्रातला मोर नाचावयास लागेल. सौदागर म्हणाला, “यात सर्वांत वरचा प्रोसेसर आहे, सरकार. याहून मोठा दुकानात नाही.” पंत हळूच म्हणाले, “ग्राफिक्स कार्ड वेगळे दिसत नाही. आणि रॅम आतच डकवलेली आहे, पुढे वाढविता येणार नाही.” सौदागर म्हणाला, “राजांच्या वस्तूस वाढवावयाचे काय काम?” हे उत्तर राजियांस बहुत मानवले, आणि खरेदी तत्काळ जाहली.

मग रविवार आला. इकडे दुपार, तिकडे सकाळ. राजियांनी अंघोळ करोन पगडी बांधली आणि कानाला यंत्र लाविले, आणि किल्ल्यात दाखल जाहले. दर्याबाईंचा आवाज आला, “आबासाहेब, आपण आलात?” राजे म्हणाले, “आलो. कोठे उभे राहू?” “वेशीवर. कोणी आले तर अडसर घालायचा आणि मला हाक मारायची. इतकेच.” राजे वेशीवर उभे राहिले आणि मनात म्हणाले, इतके तर आम्ही करू. मग शत्रूची फौज चालोन आली, मशाली पेटल्या, धूर जाहला, आणि लॅपटॉपाचे अंग तापू लागले, पंखा रडू लागला, आणि पडद्यावरील चित्र जागीच गोठले. राजे बटणे दाबीत राहिले, बोटांस चटका बसू लागला, परंतु पडद्यावरील राजा हालेना. चित्र पुन्हा चालू जाहले तेव्हा वेस उघडी होती, शत्रू आत शिरला होता आणि किल्ला गेला होता. कानात कोणी परका हसून म्हणाला, “वेशीवर हा कोण पुतळा उभा केला होता?” त्यावर दर्याबाई म्हणाल्या, “ते माझे वडील आहेत.” मग तिकडे कोणी हसले नाही.

राजियांनी यंत्र कानावरून काढोन ठेविले. विसाजीपंत म्हणाले, “महाराज, वीज मंदावली ऐसे कळवितो.” राजे म्हणाले, “पंत, खोटे नको.” आणि पुढल्या रविवारी राजे खेळात गेले नाहीत, त्याच्या पुढल्यासही गेले नाहीत. दिवाणखान्यात येरझाऱ्या घालीत, आणि ‘ते माझे वडील आहेत’ हे वाक्य मनात फिरोन फिरोन ऐकत. शेवटी आपल्या हाताने फोन लाविला. दर्याबाईंनी उचलला, आणि राजियांनी कुशल न पुसता एकदम म्हटले, “वेस माझ्यामुळे पडली. लॅपटॉप मी दिमाख पाहून घेतला, पंत सांगत होते ते ऐकिले नाही. आता कोणता घ्यावा, हे मला कळत नाही. तू सांग.”

दर्याबाई म्हणाल्या, “लॅपटॉप कोठे कोठे न्यावयाचा आहे?”

“कोठेच नाही. दिवाणखान्यातच राहील.”

“मग जाड घ्या, आबासाहेब. वजनदार असू दे. आत पंख्यांना वारा खेळवायला जागा लागते, नाहीतर तो तापतो, आणि तापला की आपणहून मंद होतो.”

“आणि प्रोसेसर?”

“मधला चालेल. या खेळाला आधी ग्राफिक्स कार्ड लागते, चित्रे तेच काढते. पण नुसते नाव पाहू नका. तेच कार्ड एका लॅपटॉपात पोटभर वीज खाते आणि दुसऱ्यात अर्धपोटी राहते. ते किती वॅटचे, हे विचारा.”

“रॅम?”

“सोळा जीबीची एक पट्टी, आणि दुसरीची खाच रिकामी. आबासाहेब, कार्ड आणि प्रोसेसर मागाहून बदलता येत नाहीत, म्हणून पैसा तिथे घाला. रॅम आणि एसएसडी मागाहून घालता येते. जे पुढे करता येईल ते पुढे करू.”

राजे म्हणाले, “करू, म्हणालीस.” दर्याबाई म्हणाल्या, “हो.” आणि त्या दिवशी बोलणे लांबत गेले, पडद्यावरून चार्जरावर आले, चार्जरावरून राणीसाहेबांच्या बागेवर आले, आणि तिसऱ्या वाक्यास भांडण जाहले नाही.

मग राजियांनी पैसा उरावा म्हणून आपल्या अंबारीच्या हत्तीची नवी झूल तहकूब केली आणि सौदागरास बोलावून कार्ड किती वॅटचे, खाच रिकामी आहे की नाही, मागील झाकण उघडते की नाही, ऐसे एकेक पुसले. सौदागरास घाम आला, परंतु त्याने खरे ते सांगितले आणि काळा, जाड, अनाकर्षक ऐसा लॅपटॉप पुढे केला. तोच घेतला. पातळ रुपेरी होता तो विसाजीपंतांस दफ्तराचे लिहिण्यास दिला, त्या कामी तो उत्तम चालला. आणि त्या रविवारपासून राजे वेशीवर नित्य उभे राहू लागले. कधी वेस राखली, कधी गेली, परंतु गेली तर राजियांच्या हाताने गेली, लॅपटॉप गोठोन नव्हे.

फाल्गुनात दर्याबाई आल्या. चौघडा नको, मिरवणूक नको, ऐसे आधीच कळविले होते. पिशवीतून लहानशी डबी काढिली, तीत रॅमची दुसरी पट्टी होती. मग बापलेक खिडकीजवळ मेजाशी बसली, लॅपटॉप पालथा घातला, आणि दर्याबाई पेचकसाने एकेक स्क्रू काढून राजियांच्या तळहातावर ठेवू लागल्या. त्या वाकल्या तेव्हा राजियांनी पाहिले की भांगापाशी केस पांढरे जाहले आहेत. खेळात हे दिसले नव्हते. राजे म्हणाले, “दर्या, मी त्या दिवशी सदरेत जे बोललो...”

दर्याबाईंनी मान वर केली नाही. “आबासाहेब, हात हलवू नका. स्क्रू पडतील.”

राजियांनी हात हलविला नाही. पट्टी खाचेत बसली, तिचा खटका ऐकू आला, तरी राजे तैसेच तळहात पसरोन बसले होते.

एकूण मजकूर इतकाच की लॅपटॉप उत्तम चालतो. दर्याबाई चैत्रात फिरोन परमुलखी गेल्या, परंतु भांडोन गेल्या नाहीत. जाहले तैसे लिहिले. वाचणारांस कल्याण असो.