गयाआत्याच्या कपाळावरचा राग

माझी गयाआत्या झोपेतही रागावलेली दिसते. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा, खुरप्यानं ओढल्यासारख्या. जवळा बाजार गावाजवळच्या माळावर मेंढरं राखण्यात तिचा जन्म गेला. उन्हात डोळे बारीक करून करून त्या रेघा पडल्या, असं ती सांगते. मला विचाराल तर निम्म्या उन्हाच्या, निम्म्या भांडणांच्या. एसटी उशिरा आली, चहात साखर जास्त पडली, कुणी रामराम केला, कुणी केला नाही, सगळ्यावर तिचा एकच सवाल: "बराबर हाय का हे?"

अलीकडे तिनं नवीनच खूळ काढलं होतं. पुण्याहून तिचा मुलगा दत्ता व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा ती पदर पार भुवयांपर्यंत ओढून बसते. साऱ्या गावापुढे ताठ मानेनं फिरणाऱ्या बाईला मोबाइलची कसली आली लाज? विचारलं तर माझ्यावरच खेकसली.

आणि परवा सकाळी हिंगोलीत माझ्या दारात उभी. कपाळाच्या रेघा घालवायचं इंजेक्शन असतं म्हणे, चल. साठी उलटल्यावर हे डोहाळे! मी संतापले. ती माझ्याहून जास्त संतापली, आणि संतापात तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मी धुसफुसत चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण सोशिक. तिनं दोन प्रकार समजावले. एक बोटॉक्स. त्यानं कपाळाचा स्नायू सैल पडतो, आठी पडत नाही, पण ते काही महिनेच टिकतं. दुसरं फिलर. त्यानं खोल रेघ आतून भरून काढतात, पण भुवयांच्या मध्ये ते फार जपून द्यावं लागतं.

आत्या भडकली. भरून काढायला कपाळ म्हणजे काय घुशीनं पोखरलेला बांध आहे? आणि पहिल्या सुईनं राग येणंच बंद झालं तर मेंढरं वळायची कशी? राग येईल, फक्त दिसणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. मग न दिसणारा राग येऊन फायदा काय, बराबर हाय का हे?

तरी खुर्ची सोडेना. मेंढरांची नवी लस आली की आत्या आधी एकाच मेंढीला टोचून घेते. ती संध्याकाळपर्यंत नीट चरली, तरच बाकीचा कळप. तीच रीत तिनं इथं लावली. स्वतः उठली, माझा दंड धरला आणि मला खुर्चीत बसवलं.

"हिला दोनी टोचा," ती म्हणाली. "सांजंपर्यंत जेवती का पाहू."

मी ताडकन उठले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी ओरडूनच विचारलं, कुणासाठी चाललंय हे सगळं?

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दत्ताचं लेकरू माझं तोंड पाहून रडतंय," ती म्हणाली. "दिवाळीला आलं व्हतं. मांडीवर घेतलं की किंचाळायचं. दत्ता म्हने, माय, फोनवर तरी कपाळ झाकत जा."

माझ्या अंगाची आग झाली. याच कपाळानं ऊन झेलून याला शिकवलं आणि हा मेला ते झाकायला सांगतो! तिथूनच फोन लावून त्याची खरडपट्टी काढावी असं वाटलं. आत्यानं माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला. त्याला काही बोलायचं नाही, म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं स्टूल जवळ ओढलं. कुठली सुई, की कुठलीच नको, ते नंतर ठरवू. आधी आठी कशी पडते ते बघू द्या, म्हणाली. "आजी, जरा रागावून दाखवा."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ आवळले. भुवया जवळ आल्यासारख्या झाल्या आणि पुन्हा सुटल्या. तिनं आणखी एकदा करून पाहिलं.

"आत्ता न्हाई येऊन राहिला, बाई," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला.