मला कळलं तरच सही

आमच्या सरांच्या स्वयंपाकघरात मीठ शोधायचं तर आधी नंबर माहीत पाहिजे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आकडे. तूरडाळीला एक आकडा, फुटक्या तूरडाळीला तोच आकडा आणि पुढे टिंब. हिंगाची डबी मात्र दोन महिने बिननंबराची होती. हिंग मसाल्यात धरायचा की औषधात, याचा निकाल सरांना लावता येईना. तोवर त्यांनी बिनहिंगाचं वरण खाल्लं.

सर नांदेडात ग्रंथालयशास्त्र शिकवायचे. मी कंधारकडची, चौथी शिकलेली, त्यांच्याकडे स्वयंपाकाला. पुस्तकं कपाटात लावायला शास्त्र कशाला लागतं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता विचारायची लाज वाटते. सरांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी परदेशात. घरात सर, पुस्तकं आणि नंबर.

त्यांचा एक शब्द ठरलेला.

"सर, उद्या दूधवाला येणार न्हाई."

"संदर्भ?"

"शेजारच्या काकू म्हणाल्या."

"म्हणजे ऐकीव." आणि चपला घालून स्वतः दूधवाल्याला विचारून यायचे. दूधवाला दुसऱ्या दिवशी यायचा नाहीच.

पण माझी खरी पंचाईत व्हायची गुरुवारी. सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी माणसं त्या दिवशी घरी येत. प्रबंधाचं एकेक प्रकरण त्यांनी स्वयंपाकघरात पाटावर बसून, कागद न बघता, मला समजावून सांगायचं. मी भाकरी थापत ऐकायचं. सर दारात उभे.

"गंगाबाईंना कळलं तरच मी सही करतो," ते म्हणायचे.

मला परक्या माणसासमोर तोंड वर करायचा धीर नाही. पहिल्यांदा निलंग्याचे एक सर आले, ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरबद्दल बोलले. मी घाबरून मान हलवली. आमचे सर म्हणाले, "काय कळलं ते सांगा." मी परातीत बघत बसले. तेव्हापासून खरं तेच सांगायचं ठरवलं, आणि खरं म्हणजे मला काहीच कळत नव्हतं. ते निलंग्याचे सर वर्षभर येत राहिले, मला थोडंफार कळेपर्यंत. सही झाली तेव्हा पेढे आणले, सरांच्या पाया पडले. माझ्याही पडायला निघाले, मी मागे सरले.

सर रिटायर झाले तरी एक बाई उरल्या होत्या, जळकोटच्या सुवर्णा मॅडम. तिथल्या शाळेत ग्रंथपाल. त्यांचा विषय होता, खेड्यातल्या बायका माहिती कशी शोधतात.

"म्हणजे माझ्यासारख्या बाया?" मी विचारलं.

"हाव मावशी, तुमच्यासारख्याच."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. गरजा, स्रोत, वर्तन, अडथळे. मी बावचळले. विषय माझा, आणि मलाच कळेना. यात चूक त्यांची की माझी, हेही कळेना. मी म्हणाले, "न्हाई कळलं." मॅडम कागद पिशवीत घालून एसटी गाठायला गेल्या. असं गुरुवारमागून गुरुवार चाललं.

एका गुरुवारी त्या आल्या त्या डोळे सुजवूनच. सर बाहेर चष्मा शोधत होते. मॅडम माझ्या कानाशी आल्या.

"मावशी, आज हो म्हणा. मुदत दोनदा वाढवून घेतली. आज सही होऊन प्रबंध जमा न्हाई झाला तर नोंदणी रद्द, सगळं पहिल्यापासून. घरी सासूबाई म्हणून राहिल्या, आमच्या म्हशीची चार वेतं झाली, तुझं एक पुस्तक होईना."

मला हसू आलं, पण लगेच विरलं. माझ्यासारखीच्या एका शब्दावर एका बाईची एवढी वर्षं टांगलेली, हे काही मला झेपेना.

सर दारात आले. मॅडमनी शेवटचं प्रकरण सांगितलं. त्या घाईघाईने बोलत होत्या, मी घाईघाईने भाकरी थापत होते. तव्यावरची करपली.

"गंगाबाई, कळलं?"

"कळलं सर," मी म्हणाले. तोंड वर करून.

आता ते विचारणार, काय कळलं. मी वाट बघत राहिले. त्यांनी विचारलंच नाही. खिशातून पेन काढलं, ओट्यावरचं पीठ हाताने बाजूला सारलं आणि तिथेच सगळ्या प्रतींवर सह्या केल्या.

"सर, कागदाला पीठ लागलं," मॅडम रडत म्हणाल्या.

"असू द्या. तो संदर्भ आहे. पळा आता, ऑफिस बंद होईल."

मॅडम पळाल्या. वेळेत पोचल्या, प्रबंध जमा झाला, असा संध्याकाळी फोन आला.

पुढच्या गुरुवारी मी कामावर गेले तर सर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसलेले. दार उघडं.

"कुणी येणार हाय का सर?"

"नाही."

मी दोन कप चहा केला होता, सवयीने. ठेवायला गेले तेव्हा काचेचं कपाट दिसलं, त्यात ओळीने सोनेरी अक्षरांचे प्रबंध. त्यातली एकूणएक माणसं आमच्या पाटावर बसून गेलेली. सही झाल्यावर त्यातलं पुन्हा कोण आलं होतं, ते मी आठवायला लागले. एकही आठवेना.

मला राहवेना. "सर, त्या दिवशी मला काही कळलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मग सही?"

सरांनी चष्मा पुसला. "त्यांचं काम सहा महिन्यांपूर्वीच पुरं झालं होतं हो," ते म्हणाले.

राग यावा की वाईट वाटावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या म्हशीच्या वेतांची आठवण झाली आणि रागही आला. मग समोर इस्त्रीचा शर्ट दिसला.

"शेवटचं प्रकरण फार चांगलं आहे त्यांचं," सर म्हणाले. "सांगू?"

मी खाली बसले. सर सावकाश सांगू लागले. गावातली बाई पुस्तकात शोधत नाही, ती नळावर विचारते, दवाखान्याच्या रांगेत विचारते. कोण सांगतंय ते आधी बघते, मग विश्वास ठेवते. यात अवघड काहीच नव्हतं. पहिल्यांदाच मला सगळं कळलं.

"कळलं?" सरांनी विचारलं.

मी काचेच्या कपाटाकडे पाहिलं.

"न्हाई सर," मी म्हणाले. "जरा अवघडच हाय."

"हरकत नाही," सर म्हणाले. "पुढच्या गुरुवारी पुन्हा घेऊ." आणि वहीत तारीख लिहून घेतली.