केळ्याला हाफ तिकीट

हिंदुरावतात्या केळं सोलायच्या आधी त्याला रामराम घालतात.

थट्टेनं नाही. केळं दोन्ही हातांत धरतात, टोपी नीट करतात आणि म्हणतात, "रामराम पावणं. तुमचा स्टॉप आला. उतरून घ्या." मग सोलतात आणि खातात. बघणारा नवीन असला तर त्याला ठसका लागतो. मला सवय झाली, कारण त्यांच्या आणि माझ्या घरामागच्या परड्यात एकच भिंत आहे, आणि तीही खांद्याएवढी.

तात्या जन्मभर एसटीत कंडक्टर. आता पेन्शन खातात. गाडी सुटून बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून गाडीतच आहे. देवळात गेले तरी "पुढं सरका, आत जागा हाय." जेवणाच्या पंगतीत तेच, मयताला तेच. एकदा तिरडी उचलताना म्हणाले आणि मागची चार माणसं खरंच पुढं सरकली.

मी धनगर. कवठे महांकाळच्या पुढं आमचं गाव. चौथीतनं शाळा सोडली ती मेंढरांमागं गेलो. पण लिहितो, वाचतो, आणि एकदा बोललेला शब्द मी फिरवत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे येणार आहे त्यात मी केळ्याचा नातेवाईक निघतो, आणि ते मी अजून मान्य केलेलं नाही.

ही सगळी लागण सुमनपासून झाली. सुमन म्हणजे तात्यांची लेक. पोटची नाही. तात्यांना आणि पारूवैनींना मूल झालं नाही, तेव्हा मिरजेच्या एका आश्रमातनं, कोर्टाचे कागद करून, पाळण्यातली पोर आणली. गावाला माहीत, सुमनलाही माहीत. लपवालपवी काही नाही. वैनी गेल्या, पोरगी शिकली, सांगलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. रविवारी घरी येते. आली की बापलेक परड्यात बसून एक केळं निम्मं-निम्मं खातात. दोन आणायची ऐपत आहे, पण रीत एकाचीच.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "तात्या, आपल्या अंगातल्या निम्म्याएक जनुकांची जोडी ह्या केळ्यात पण सापडती."

"जनुक म्हंजे?"

"अंग कसं घडवायचं त्याची अंगातच असल्याली शिकवण म्हणा. समद्या जिवांत ती एकाच मुळातनं आलीया."

तात्यांनी हातातलं केळं खाली ठेवलं. "म्हंजे ही आपली भावकी?"

"लांबची. लय लांबची. आन तात्या, निम्मी जनुकं जुळली म्हंजे आपण निम्मं केळं न्हवं हां."

हे शेवटचं तात्यांनी ऐकलंच नाही. त्यांनी तिकीट फाडायला सुरुवात केली होती.

केळ्याला हाफ तिकीट. माकडाला जवळजवळ फुल. उंदीरही फुलाच्या आसपास. पाव फुगवणारं खमीरसुद्धा आपल्यातलंच म्हटल्यावर त्याला तात्यांनी दारात उभं राहायची परवानगी दिली. आठवड्याभरात सगळी जीवसृष्टी गाडीत बसली, आणि मला रोज ते भिंतीवरनं ऐकावं लागलं.

"बिरा, तुझी मेंढी आपल्यात किती बसती म्हाईत हाय का?"

"माझी मेंढी माझ्या वाड्यात बसती," मी म्हणालो.

ऐकतील तर ना! दुसऱ्या दिवशी आले आणि माझ्या एडक्यासमोर उभं राहून म्हणाले, "काय दाजी, बरं हाय न्हवं?" एडक्यानं दोन पावलं मागं घेतली आणि अशी धडक दिली की तात्या वैरणीत जाऊन पडले. मी उचलायला गेलो तर गडी खूश. "दाजीच ह्यो! वळख पटली!"

मारुतीच्या देवळावरच्या वानरानं टोपी पळवली, तर "थोरल्या घरचा हाय, मान त्येचाच" म्हणत उघड्या डोक्यानं घरी आले.

उंदरांवरनं मात्र आमचं वाजलं. तात्यांनी पिंजरा लावायचं बंद केलं आणि त्यांचे उंदीर भिंत ओलांडून माझ्या शाळूच्या कणगीत. मी काठी घेऊन भिंतीशी गेलो.

"तात्या, तुमच्या भावकीनं माझा शाळू खाल्ला."

"भावकी हाय, खाणारच! तुझी भावकी तुला वाढून जाती व्हय?"

मी काठी खाली टेकली. माझा बांध माझ्या चुलतभावानं दोन हात आत सरकवलाय.

"मग तुमी केळं कसं खाता? मेथी कशी खाता? सोयऱ्यास्नी खाताय?"

"आरं, भावकीला खायाचं न्हाई असं ठरलं तर ह्या गावात उपासमार हुईल. खायाच्या आदी वळख द्यायची, बस."

वर्ष असं गेलं. मग सुमनचं लग्न ठरलं. मुलगा उंब्रजचा, तिच्याच लॅबमधला. माणसं भली. मुलाच्या आजीनं एकच गोष्ट बजावली, "मानपान नगं, आहेर नगं. पर देवक रीतीनं बसवा. देवकाबिगर आमी हळद पाठवणार न्हाई."

देवक म्हणजे कुळाचं झाड. तात्यांच्या कुळाचा कळंब. त्याचं लाकूड त्यांच्यात चुलीला घालत नाहीत. लग्नाआधी त्याची डहाळी वाजतगाजत आणायची, मांडवाच्या मेढीला बांधायची आणि भावकीतल्या नवराबायकोनं पाटावर बसून पुजायची. जोडीच पाहिजे. तात्या एकटे. म्हणजे भावकीतलं कोणीतरी बसायला पाहिजे. आणि भावकीचे कारभारी रंगरावआप्पा, तात्यांचे थोरले चुलतभाऊ, म्हणाले, "पोरगी आपल्या रगताची न्हाई. आपलं देवक तिला लागत न्हाई. आमच्यातलं कोण बसणार न्हाई."

तात्या केळ्यांची फणी घेऊन आप्पांच्या सोप्यात गेले. मी बरोबर गेलो, जुंपली तर धरायला.

"आप्पा, कळंब आपला कोण?"

"कोण म्हंजे? देवक. कुळाचा सोयरा."

"त्येच्यात रगात हाय?"

"झाडात रगात कुठलं? येडा का काय तू?"

"मग बिनरगताचं झाड भावकीत बसतंय, आन माझ्या मांडीवर वाढल्याली पोर बसत न्हाई?" तात्यांचा आवाज चढला. "ह्ये केळं बगा. ह्ये सुदिक निम्मं आपलं. वानार बगा. आन माणसामाणसातला फरक तर चिमटीत बी येत न्हाई, आप्पा. समदी गाडीत बसल्यात. एकट्या माझ्याच लेकीला खाली उतरवताय?"

आप्पांनी फणीतलं एक केळं तोडलं, रामराम न घालता खाल्लं आणि म्हणाले, "तुझं केळ्याचं शास्तर तुझ्या घरी."

येताना तात्या गप्प. तात्या गप्प म्हणजे गाडी डेपोत. वाटेत शेरडं भेटली, वानर भेटलं, कुणालाही रामराम नाही. तेव्हा मला उमगलं, हा माणूस वर्षभर केळ्याची वकिली करत नव्हताच.

देवकाच्या आदल्या दिवशी सकाळी भिंतीवर तात्यांचं डोकं आलं.

"बिरा, तू आन बनाबाई बसा देवकाला."

"आवं, मी धनगर. माझं कूळ येगळं, देवक येगळं. मी तुमच्या भावकीत कुठनं आलो?"

"केळ्यापरास तर जवळचा हाईस न्हवं?"

"आन उंब्रजची आजी?"

"तिला फोन लावून समदं सांगितलं. ती म्हणली, जोडी असली म्हंजे झालं."

वर्षभर ज्या गोष्टीवर भांडलो तीच माझ्या गळ्यात आली. हो म्हणावं तर केळं नात्यात येतं, नाही म्हणावं तर पोरगी मांडवात अडकते. मी मिशीवरनं हात फिरवत उभा राहिलो. तेवढ्यात आमची बनाबाई भांडी घासता घासता आतनं ओरडली, "इचार कसला करताय? परवा पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीखाली लावलं, तवा त्येचं कूळ इचारलं व्हतं व्हय? पटका काढा पेटीतनं!"

"बसतो," मी म्हणालो. "पर एक अट. उंदीर माझा कोण न्हाई."

"बरं बाबा. उंदराला उतरवू."

दुसऱ्या दिवशी आम्ही जोडीनं पाटावर बसलो. हलगी अशी कडाडत होती की माझी मेंढरं वाड्यात उभी राहिली. आप्पांच्या घरचं कोणी आलं नाही. फक्त त्यांची धाकटी सून मागच्या दारानं आली, सुमनच्या ओटीत नारळ घातला आणि आल्या वाटेनं परत गेली.

डहाळी बांधायची वेळ झाली. तात्या बाजूला उभे होते, कळंबाची डहाळी छातीशी धरून. घ्यायला मी हात पुढं केला तर सोडेनात. तोंड पानांत घातलेलं. हलगीच्या दणक्यात ते फक्त मलाच ऐकू आलं.

"पुढं सरका, पावणं," ते कळंबाला सांगत होते. "माझ्या पोरीला जागा करा."

मग सोडली.

लग्न झालं, सुमन उंब्रजला गेली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी परड्यातनं तात्यांचा रामराम ऐकू आला. मेंढरांना पाणी पाजून मी भिंतीवरनं बघितलं. निम्मं केळं खाऊन झालं होतं. निम्मं हातात तसंच.

"ये रं," मला बघून म्हणाले. "हाफ तिकीट शिल्लक हाय."

मी वळसा घालून गेलो, शेजारी बसलो. केळ्याला रामराम मी घातला नाही. आपला शब्द म्हणजे शब्द.

पण उरलेली साल काढताना जरा हळू काढली.