‘जगून दाखवा’

एका जंगलात, मुलांनो, रेंज फार झकास येत असे. त्यासाठी झाडावर चढावं लागत नसे. त्यामुळे माकडांचा भाव उतरला होता, पण ते जाऊ द्या.

त्या जंगलात एक वाघ होता. त्याचे गुडघे दुखत. सावज पळालं की हा दहा पावलांत खाली बसे. म्हणून त्याने कोल्ह्याला बोलावलं. कोल्हा मोबाइलवरचे खेळ बनवायचा.

“असा खेळ काढ,” वाघ म्हणाला, “की सगळे एका जागी बसून राहतील. महिनाभर कोणी उठता कामा नये. उठले, तर तुलाच खाईन. बसून बसून तू काही फार पळशील असं दिसत नाही.”

कोल्ह्याने ‘जगून दाखवा’ नावाचा खेळ काढला. त्यात उपाशीपोटी रानात उतरायचं. लाकडं तोडायची, अन्न शोधायचं, किल्ला बांधायचा, हल्ले चुकवायचे. प्राणी हे सगळं एरवीही करतच होते. पण एरवी लेव्हल वाढत नसे! सगळे खेळावर तुटून पडले.

आठव्या दिवशी सगळे कंटाळले. हरणं चरायला गेली.

कोल्ह्याला घाम फुटला. त्याने रोज हजेरी लावणाऱ्याला गाजर दिलं. ससे गाजर घेऊन पसार झाले. कावळ्याला खेळात मोरपिसारा दिला. कावळा दोन दिवस मिरवला आणि उडून गेला. मग नवा राक्षस आणला. हत्तीने तो पहिल्याच दिवशी मारला आणि विचारलं, “आता?”

वाघ दुरून कोल्ह्याकडे बघत मिशा चाटत होता.

शेवटी कोल्ह्याने टोळ्या पाडल्या. प्रत्येक टोळीला एक किल्ला. किल्ल्यावर कोणीतरी सतत पहारा द्यायचा. पहारेकरी उठला की शेजारची टोळी येऊन सगळी लाकडं नेणार!

बस्स. आता कोणी उठेना. कंटाळा तर सगळ्यांनाच आला होता. पण “तुझ्यामुळे टोळी बुडाली” हे कोण ऐकून घेणार?

वाघ खूश झाला. गळ्यात रुमाल बांधून तो भिकाजी सशाकडे गेला. भिकाजी जांभळीखाली फोन घेऊन बसला होता. वाघाने त्याच्या मानेवर पंजा ठेवला.

“वाघोबा, दोन मिनिटं!” भिकाजी वर न बघताच म्हणाला. “रानडुकरं भिंत फोडतायत.”

“कुठली भिंत?”

“ही काय! काल आमची चारशे लाकडं नेली लेकाच्यांनी.”

“चारशे?” वाघ खवळला. “आण तो फोन इकडे!”

तीन दिवसांनी वाघाला भूक आठवली. तोवर तो टोळीत कनिष्ठ लाकूडतोड्या झाला होता.

“भिकाजीराव,” तो चाचरत म्हणाला, “तुम्हाला खायचं राहूनच गेलं की.”

“खा ना. पण मंगळवारचा पहारा कोण देणार?”

वाघाने वेळापत्रक काढलं. मंगळवारी ससा, बुधवारी हरीण, गुरुवारी साळिंदर. एकही नाव गाळता येईना. वाघाच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्याला खरोखरच फार भूक लागली होती.

तेवढ्यात कोल्हा नाचत आला. “साहेब, महिना भरला! टोळ्या पाडल्यापासून एक जण जागचा हलला नाही! मी वाचलो!”

“वा, वा!” वाघ म्हणाला. “तुझा पहारा कोणत्या वारी असतो रे?”

“माझा? छे! मी कशाला खेळतोय? डोळे खराब होतात.”

वाघाने फोन भिकाजीच्या हाती दिला.

“दोन मिनिटं सांभाळा,” तो म्हणाला. “आलोच.”

तात्पर्य : मोबाइलवर खेळू नका असं सांगणाऱ्यांचं, मुलांनो, मुळीच ऐकू नका. आपल्या गोष्टीत न खेळणारा एकच प्राणी होता.