हैबतरावांचा हॉर्न

"बॉल आपल्या हातात हाय, तर टाकायचा कशाला?" शाळा समितीचे अध्यक्ष हैबतराव बैठकीत गरजले. "बावधनवाल्यांनी जमिनी अशाच घाईनं विकून टाकल्या. आता हळहळत्यात."

क्रीडाशिक्षिका गौतमी मॅडमना बास्केटबॉलसाठी शॉट क्लॉक हवे होते. बॉल हाती आला की चोवीस सेकंदांत शॉट मारायचाच, असा नियम. एरवी शाळेच्या मुली दोन गुणांनी पुढे गेल्या की बॉल एकमेकींना देत बसायच्या. गेल्या सामन्यात तर प्रेक्षक चहा पिऊन परत आले, तरी बॉल तिथेच होता.

"न्हाई म्हंजे न्हाई," म्हणून हैबतराव घरी आले.

घरी नात दिशा वाट बघत होती. ती संघाची कॅप्टन. "आजोबा, बावधनची शाळा घड्याळाशिवाय फायनल खेळत न्हाई म्हणती. जिंकलो तर आमी जिल्ह्याला जाणार. तुमी आडवं येऊ नका."

बायको धोंडाबाई गेल्यापासून हैबतरावांशी भांडायला घरात दिशाच उरली होती. ते नमले.

पण घड्याळ आणायचे कुठून? शेवटी असे ठरले, की मॅडमनी स्टॉपवॉच धरायचे, पाच सेकंद उरले की हात वर करायचा, आणि हैबतरावांनी मैदानाकडेच्या जीपमधून इशाऱ्याचा हॉर्न द्यायचा. आठवडाभर सराव झाला. हॉर्न वाजला की मुलींचा शॉट सुटलाच.

"बावधनच्या पोरींना मी जरा लवकरच वाजविणार," हैबतराव डोळे मिचकावत म्हणाले. "घाबरून कसाबी टाकतील."

"आजोबा, ही चीटिंग हाय!"

"इशाराच हाय गं. लवकर दिला तर काय पाप लागतंय व्हय?"

फायनलला दोन मिनिटे उरली तेव्हा दिशाचा संघ तीन गुणांनी पुढे होता. तेवढ्यात उरवड्याच्या कंपन्यांची पाळी सुटली. मैदानालगतच्या रस्त्यावर बसगाड्या तुंबल्या आणि सगळ्यांनी एकदम हॉर्न दाबून धरले.

पहिल्या हॉर्नला दिशाने अर्ध्या मैदानातून बॉल भिरकावला. दुसऱ्याला तिच्याच संघातल्या क्षितिजाने बास्केटकडे पाठ असतानाच मारला. बावधनच्या मुली पडलेला बॉल उचलून निवांत खेळत होत्या.

हैबतराव रस्त्याकडे धावले. "आरं, हॉर्न बंद करा! पोरी बॉल टाकत्यात!"

"काका, आधी तुमची जीप काढा! निम्मी रस्त्यात हाय!" पहिल्या बसचा ड्रायव्हर ओरडला.

जीप निघेपर्यंत सामना एका गुणाने गेला होता.

बावधनची कॅप्टन जुईली हसत जीपजवळ आली. "आजोबा, तुम्ही इशारा देणार होता ना? मग हॉर्न वाजवलाच नाही?"

"सुरवातीपास्नं वाजवतोय की!"

"हो का? आम्ही चांदणी चौकाजवळ राहतो, तिथे रात्रंदिवस गाड्या तुंबलेल्या. हॉर्न आम्हाला ऐकूच येत नाही."

परतताना जीप पुन्हा त्याच गर्दीत अडकली. दिशा बॉल मांडीवर घेऊन बसली होती. इतक्यात मागून हॉर्न वाजला. दिशाचे हात वर गेले, बॉल जीपमधून सुटला आणि शेजारच्या बसच्या खिडकीतून सरळ आत.

"बघ," हैबतराव म्हणाले, "हितं बराबर गेला."