पाचव्या शेल्याची आणि पांढऱ्या बुटांची हकीकत

श्रीमैदानेश्वर प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी ते दिवशी विद्येच्या राज्यात, म्हणजे आमचे शाळेत, वर्तमान जाहले ते ऐसे. हंगामाच्या आरंभी कन्यापथकाने बास्केटबॉलाच्या चार लढाया मारिल्या आणि चारीं फत्ते जाहल्या, मग पथकाचे सेनापती शहाणे मास्तर यांनी थोर खेळाडूंस पांच शेले देण्याची मसलत मांडिली. चार शेले सहज ठरले आणि पाचव्यापाशी पंच अडले. एकीकडे केतकीबाई मोघे, दुरून नेम धरून कड्यात चेंडू टाकणारी, गुण एकशेबारा. दुसरीकडे प्रणोतीबाई वाघचौरे, गुण अवघे नऊ. आता नऊ गुणांच्या बाईचे नांव निघालेच कां म्हणाल, तर सेनापतींचा जीव तिच्या खेळावर, पण दाखवावयास पुरावा नाही.

ऐसियास प्रणोतीबाईंचे तीर्थरूप नारायणराव, शिलाईचे दुकान चालविणारे, मोठे कडक. त्यांनी दसऱ्यासच बजाविले होते, "यंदा मान मिळाला तर खेळ. नाहीतर चेंडू ठेव आणि काजे-बटणाला बस." निवाड्याचे दिवशी ते गळ्यात टेप तसाच ठेवून कुंपणापाशी उभे राहिले, आणि बाई खाली मान घालून उभी राहिली, आणि पंच केतकीबाईंचे नांव लिहू लागले. तेव्हां मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा आखणारे वृद्ध बाबाजी खिलारे डबा खाली ठेवून पुढे जाहले आणि बोलिले, "मास्तर, लिहायच्या आधी ऐका. चार सामन्यांत कड्याखालची रेष मी दर खेपेला नव्यानं मारली. समोरचा गडी अंगावर उडी घेतो तिथं ही पोरगी पाय रोवून उभी राहती. हिच्या पायांखाली ती पुसली जाती, अन् मधल्या सुट्टीत टोकं बदलली की हिच्या नव्या टोकाची. गुण वहीत दिसतात. हिचं काम माझ्या फक्कीत दिसतं."

मग सर्वांनी प्रणोतीबाईंचे बूट पाहिले, ते घोट्यापर्यंत पांढरे. केतकीबाईंनी आपला पाय पुढे केला, बूट काळा कुळकुळीत. त्या हसून बोलिल्या, "माझे बघा, आईनं पुसल्यासारखे. मागं ही उभी असती म्हणून मी पुढं निवांत नेम धरते. शेला हिलाच द्या." आम्ही तेथे हजर होतो, म्हणून लिहितो की दुरून आयते गुण घेते म्हणून केतकीबाईंविषयी आमचे मनांत होती ती अढी तत्क्षणी गेली.

शेला प्रणोतीबाईंचे खांद्यावर पडला आणि बाई तडक कुंपणापाशी गेली. नारायणरावांनी शेल्याकडे पाहिलेच नाही, खाली वाकून बुटांकडे पाहिले. बाई ओशाळून म्हणाली, "घरात यायच्या आधी झटकते, बाबा." त्यावर ते बोलिले, "नको झटकूस. असेच घेऊन चल. आईला दाखवायचे आहेत."

येणेप्रमाणे पाच शेल्यांचा निवाडा जाहला. काजे-बटणांस नारायणराव स्वतः बसले आणि बाबाजी दुसरे दिवशी त्याच जागी पुन्हा रेष मारू लागले. जे पाहिले ते लिहिले, अधिक-उणे आमचे.