गंगाधरमामांची फेरीवही

२९ मार्च. आज काम एकच: वसतिगृहाच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट रिकामं करायचं. तिथं नवा प्रिंटर बसणार आहे. कपाट इतकी वर्षं गंगाधरमामांच्या ताब्यात होतं, त्यामुळे आतून काय निघेल याचा नेम नाही. आतापर्यंत निघालंय ते असं: रिकामी पावतीपुस्तकं, सायकलचं पंक्चर काढायचं सामान, बडीशेपेचा डबा आणि एका मेलेल्या पालीचं शेपूट.

आमचं वसतिगृह उस्मानपुऱ्यात आहे. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुली तिथं राहतात आणि लोकांनी दिलेल्या देणग्यांवर ते चालतं. या देणग्या गोळा करायचं काम गंगाधरमामांचं. एक सायकल, एक खाकी पिशवी आणि एक नियम. पहिल्या फेरीत पैसा घ्यायचा नाही.

हा नियम संस्थेचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. मी संस्थेची सचिव होण्याच्या कितीतरी आधी, शाळेत शिकवत होते तेव्हा, ते माझ्या दारात आले. गॅसवर दूध होतं. मी घाईनं शंभराची नोट पुढं केली आणि दार लावायला लागले. मामांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"आज नाय घ्यायचे, बाई. आज नुसती वळख करायला आलो."

मग ते बसले, पाणी प्यायले, माझं लंगडणं बघून गुडघे कसे आहेत ते विचारलं आणि गेले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "घर बघून गेला मेला. कडी नीट लावा." पंधरा दिवसांनी मामा पुन्हा हजर. पहिला प्रश्न, "दूध उतू गेलं होतं का त्या दिवशी?" गेलं होतं. मी शंभराऐवजी पाचशे दिले.

मामांचं म्हणणं असं, की देणाऱ्याचा हात तापायला वेळ लागतो. "थंड हातानं दिलेला पैसा एकदाच येतो, बाई. तापल्या हाताचा दरसाल येतो." गुरुवारी ते पॅसेंजरनं लासूर स्टेशनला जायचे. तिथले आडते हुशार. मामा नवीन दुकानात शिरले, की शेजारचा ओरडून सांगायचा, "शेठ, पैसे काढून ठेवू नका, आज घ्यायचा नाय म्हातारा! चहा सांगा फकस्त!"

या नियमापायी एकदा चांगला चेक गेला. एका कारखान्याच्या साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या चेकबुक उघडलं. मामा म्हणाले, "पुढच्या गुरुवारी येतो, साहेब." पुढच्या गुरुवारी साहेबांची नागपूरला बदली झालेली. विश्वस्तांनी मामांना बैठकीत बोलावून झाडलं. मामा म्हणाले, "बदली झाली म्हंजे माणूस मेला का?" त्यांनी नागपूरचा पत्ता मिळवून कार्ड टाकलं. त्यात देणगीचा शब्द नव्हता, नव्या गावचं पाणी मानवलं का एवढंच विचारलं होतं. त्या साहेबांची देणगी अजून दर दिवाळीला येते. पण हे बैठकीच्या इतिवृत्तात नाही. इतिवृत्तात फक्त झाडणं आहे.

स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत. राहायचे हर्सूलला, जेलच्या पुढं. "हर्सूलला राहतो म्हणलं की लोक पुसतात, सुटला कवा?" हा त्यांचा एकमेव घरगुती विनोद. तो मी तीसेक वेळा ऐकलाय आणि दर वेळी ते स्वतःच आधी हसलेत.

मग फोनवरून पैसे पाठवायचं युग आलं. मी त्या बाजूची. लपवत नाही. तरुण माणसं दुपारी घरी नसतात, चेक लिहीत नाहीत, खिशात नोटा ठेवत नाहीत. त्यांच्यापर्यंत सायकल पोचत नाही. मी क्यूआर कोड छापून घेतला, प्लॅस्टिकमध्ये घालून मामांच्या गळ्यात अडकवला. मामा त्याला रांगोळी म्हणायचे. आठ दिवसांनी गुलमंडीवरून एका दुकानदाराचा, दुकानातल्या लँडलाइनवरून फोन. "मॅडम, तुमचे मामा स्कॅन करू देईनात!" मी मामांना फोनवर घेतलं. कळलं ते असं: दुकानदार मोबाईल रोखून उभा आणि मामा रांगोळीवर तळहात ठेवून उभे.

"पहिलीच फेरी हाय, बाई. त्याचं नाव बी ठाऊक नाय अजून."

जानेवारीत विश्वस्तांची बैठक झाली. मामांची फेरी बंद करावी, देणग्या ऑनलाइन घ्याव्यात, आभाराचे निरोप कॉम्प्युटरनं आपोआप पाठवावेत. ठराव मीच मांडला. मामांनी सत्तरी ओलांडली होती, गुडघे त्यांचेही गेले होते, रस्त्यावर ट्रॅफिक ही अशी. सगळी कारणं खरी होती. शाल दिली, नारळ दिला. मामांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता काही बोलतील. बोलले ते एवढंच, "कपाट लावून घेत जा, बाई. पाली लई होतात."

पहिला महिना झकास गेला. अमेरिकेतून पैसे आले, बंगलोरहून आले, ज्यांची नावं आम्हाला उच्चारता येईनात अशांचे आले. विश्वस्त म्हणाले, बघा! दुसऱ्या महिन्यात त्यांतलं कुणी परत आलं नाही. आणि मामांची जुनी घरं, तीही आली नाहीत. आम्ही सगळ्यांना नीट लिंक पाठवली होती. कुणी उघडलीसुद्धा नाही. आता एप्रिलच्या बैठकीत ठरवायचंय, की जूनमध्ये नव्या मुली घ्यायच्या की यंदा दार बंद ठेवायचं. अर्ज टेबलावर पडलेत. काहींवर बापाच्या अंगठ्याचे ठसे आहेत.

त्यात काल दुपारी करीमभाईंचा फोन आला. करीमभाईंचं टायरचं दुकान आहे. बायको वारल्यापासून तिच्या बरसीला ते एका मुलीचा वर्षाचा खर्च देतात. मामांना विचारून जुनी माहिती कॉम्प्युटरवर चढवताना 'विशेष दिवस' असा एक रकाना होता. त्यात आम्ही बरसीची तारीख भरली. कॉम्प्युटरनं काल सकाळी बरोबर सात वाजता करीमभाईंना फुलांचं चित्र पाठवलं: 'या आनंदाच्या दिवशी आपणांस हार्दिक शुभेच्छा! हा दिवस आपल्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येवो!'

"मॅडम," करीमभाई म्हणाले, "मेरी बीवी मरी सो दिन की मुबारकबाद दे रे क्या तुम लोगां?"

मी माफी मागितली. शिक्षिकेला माफी मागायची सवय नसते, तरी मागितली.

"जान दो. मशीन है, उसको क्या मालूम. मगर मामा किधर हैं? हर बरसी को आते थे. कुछ बोलते नै थे. आधा घंटा बैठते, चाय पीते, जाते. पैसे तो मैं बादमें देता था. आज सुबह से कुर्सी रख को बैठा मैं."

काल फोन ठेवला आणि आज कपाट काढायला घेतलं. राग आला की मी आवराआवर करते.

सगळ्यात खालच्या कप्प्यात वह्या निघाल्या. शाळेच्या दोनशेपानी, कव्हरावर 'फेरीवही'. मला वाटलं होतं, किती आले, किती राहिले असं काही असेल. पैशाचा आकडा एकही नव्हता. तीन रकाने: दार, कोण भेटलं, पुढं काय. 'पवार गिरणीवाले. सून भेटली. बाळंतीण हाय, महिना थांबणे.' 'देशमुख वकील. घरचं भांडण चालू. पाणी पिऊन निघालो.' 'कुलकर्णी काकू. आता देणं व्हत नाय. तरी जाणे. नाय गेलो तर वाटंल, देणं सरलं तसं येणं सरलं.' करीमभाईंच्या नावापुढं: 'बरसी. बोलायचं नाय. बसायचं.'

कॉम्प्युटरला शिकवायला हवं होतं ते सगळं इथं होतं आणि आम्ही मामांना फक्त तारीख विचारली होती.

दर दिवसाची नोंद एका ओळीनं संपत होती. मामा शिस्तीचे. ज्या ज्या दारावर गेले, ते लिहायचंच. शेवटचं दार संध्याकाळचं. जुन्या वह्यांत ते असं होतं: 'हर्सूल, सोताचं घर. ही भेटली. पिठलं केलं होतं.' 'हर्सूल, सोताचं घर. ही भेटली. उशिरा आलो म्हणून बोलली.' एका वहीच्या मध्यावर पंधरा दिवस कोरे होते. मामी गेल्या तेव्हाचे. मला आठवतं, मी तेव्हा रजेचा अर्ज मागितला होता.

त्यानंतर रोज, या जानेवारीपर्यंत, एकच ओळ.

'हर्सूल, सोताचं घर. कुणी नाय. पुन्हा जाणे.'

वह्या मी पुन्हा कपाटात लावल्या. प्रिंटर खिडकीपाशी बसेल.

३० मार्च. सकाळी आठ वाजता रिक्षानं हर्सूलला गेले. पिशवीत कपाटाची किल्ली होती. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं: फेरी परत सुरू करा, सायकलनं नको, रिक्षाचे पैसे संस्था देईल, तरुणांना लिंक आम्ही पाठवू, पण कुणाला काय लिहायचं ते तुम्ही सांगा, आणि आधी करीमभाईंकडं जा.

दार वाजवलं. आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मामांनी दार उघडलं आणि बनियन खाली ओढत बघतच राहिले.

"बाई? सकाळी सकाळी? काय काम काढलं?"

मी किल्ली तशीच पिशवीत राहू दिली.

"काही नाही," मी म्हटलं. "पहिली फेरी आहे. चहा टाका."